मेतवल्ली ऐन बोलण्यात निघून जातो

आईचं ते एक वाक्य इन्शिराहच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं. "तुझा बाप रोज संध्याकाळी येतो, बोलायला लागतो आणि ऐन बोलण्यात निघून जातो." बहिया हे फोनच्या पडद्यावरून कुवेतला असलेल्या मुलाला, वगीहला म्हणाली होती. तेही चहात साखर कमी पडली म्हणावं इतक्या सहज. तो बाप, मेतवल्ली, वारून कितीतरी रमजान उलटले होते.

वगीहनं त्याच दिवशी बहिणीला फोन केला. आई हातातून चालली, आता तिला महल्ला शहरात एकटं ठेवणं बरं नाही, असं त्याचं म्हणणं. घर विकून टाकायचं आणि तिला टांट्याला इन्शिराहकडे न्यायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. "तू शुक्रवारी जा, स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मला फोन कर," तो म्हणाला. "तू हो म्हणालीस की मी दलालाला हो म्हणतो."

इन्शिराह मुळातच काळजीखोर. पोरं शिकवणीहून यायला जरा उशीर झाला की ती गॅलरीत उभी राहून रस्त्यावरची डोकी मोजणार. शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची, त्यामुळे माणसाच्या मेंदूत काय काय बिघडू शकतं याची यादी तिला तोंडपाठ होती, आणि त्या यादीनं तिचा आठवडा खाल्ला होता. मिनीबस टांट्याहून निघाली तेव्हा मांडीवर तिळाच्या हलव्याचा पुडा होता.

जिन्यातच तळमजल्याच्या उम्म रिदानं तिला गाठलं. मोलोखियाच्या भाजीची पानं निवडत ती उंबऱ्यावर बसली होती.

"या मास्तरीणबाई. तुमच्या आईला जरा सांगा, रोज लग्न लावते ती. नवऱ्याला झोप नाही, मला झोप नाही. आणि निदान एखाद्या लग्नाचं जेवण तरी खाली पाठवावं माणसानं."

वरून खरंच लग्नाचा बाजा ऐकू येत होता. डफ, कर्णे आणि बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या. इन्शिराहनं दार उघडलं. आवाज अंगावर आला. बैठकीत बहिया ताठ बसली होती, हात मांडीवर, डोळे समोर. समोरचा टीव्ही काळा होता. ठार काळा. आणि त्या काळ्या काचेकडे ती अशी बघत होती, जणू कोणीतरी आत्ताच उठून आतल्या खोलीत गेलंय आणि लगेच परत येणार आहे.

 वगीहला फोन करायला आणखी काही बघायची गरजच नव्हती.

बहियाला पावलांचा आवाज आला नाही. तिला कसलाच आवाज येत नसे. काचेत लेकीची सावली हलली तेव्हा ती वळली, उठून तिनं लेकीचे दोन्ही गाल चुंबले आणि टीव्हीकडे बोट करून वैतागून म्हणाली, "गेला बघ परत."

*

बहियाची गोष्ट सांगायची तर ती गिरणीपासूनच सांगावी लागते.

ती सतराव्या वर्षी खेड्यातून महल्ल्याच्या कापडगिरणीत आली. बाप कापसाच्या शेतात राबणारा; त्यानं पिकवलेला कापूस कुठं जातो हे बघायला निघालेली त्या घरातली ती पहिलीच. मागखात्यात पाय ठेवला तेव्हा तिला वाटलं, छप्पर कोसळतंय. शेकडो माग एकदम चालायचे, धोटे इकडून तिकडे आपटायचे, जमीन पायाखाली थरथरायची. तिथं ओरडून उपयोग नव्हता. शेजारची बाई कानाशी येऊन किंचाळली तरी नुसतं तोंड उघडलेलं दिसे. पण पंधरवडा जातो न जातो तोच तिच्या लक्षात आलं की हे सगळे लोक बोलतायत. दिवसभर, अखंड, खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओठ मोठे करून, सावकाश, घशातून आवाज न काढता. मुकादमाच्या नाकासमोर त्याच्याच बायकोच्या गोष्टी चालत आणि तो बिचारा मागांवरून हात फिरवत पुढं जाई.

बहिया ती भाषा अशी शिकली की पुढं तिच्यासारखी वाचणारी सगळ्या पाळीत नव्हती. मेतवल्लीनं तिला मागणी घातली ती याच भाषेत, मागांच्या चार रांगा ओलांडून. ती लाजून खाली बघायला लागली. खाली बघितलं की उत्तर देता येत नाही आणि पुढचं वाचताही येत नाही. मग तो बिचारा पाळी सुटेपर्यंत तेच तेच बोलत राहिला आणि भोवतालच्या निम्म्या खात्यानं ते वाचलं. भोंगा झाल्यावर फाटकाशी तिला अभिनंदनं मिळाली, तेव्हा कुठं तिला कळलं की आपलं लग्न ठरलंय.

पस्तिशी आली तोवर कान गेले होते. मागांनी घेतले, ती म्हणायची. जशी काही दिवाणखान्यातली खुर्ची नेली शेजाऱ्यांनी. घरात त्यानं फारसं अडलं नाही. पोरांना खोटं बोलायचं असलं की ती पाठ करून बोलत, आणि बहिया शांतपणे म्हणे, "तोंड इकडं कर." गल्लीतही तिचा दबदबा होता. उम्म रिदाच्या मुलीला बघायला आलेला एक मुलगा समोरच्या कॉफीखान्यात मित्राशी गप्पा मारत बसला होता. बहियानं गॅलरीतून कपडे वाळत घालता घालता वाचलं की त्याचा साखरपुडा झगाझिग गावात आधीच झालाय. कपडे अर्धवट टाकून ती खाली आली आणि लग्न ठरल्याचा म्हणून त्या मुलाला ठेवलेला सरबताचा पेला स्वतः पिऊन टाकला. लग्न मोडलं. उम्म रिदा अजून त्या गोष्टीची शपथ घेते.

अशी बाई आता काळ्या काचेसमोर बसली होती.

*

इन्शिराहनं आधी आवाज बंद केला. तो टीव्हीतून येतच नव्हता. ईदच्या सुट्टीत वगीह कुवेतहून सिनेमे दाखवणारी एक छोटी काळी पेटी घेऊन आला होता. घरातल्या जुन्या लग्नाच्या कॅसेटी त्यानं कुठूनशा उतरवून बोटाएवढ्या एका कांडीत भरून आणल्या होत्या. पेटीचं चित्र एका वायरीनं टीव्हीला जोडलेलं, आणि आवाज दुसऱ्या वायरीनं घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोठ्या पेट्यांना. आई बहिरी, तेव्हा आवाज मोठा हवा, असा त्याचा हिशोब. या हिशोबापायी उम्म रिदाचा नवरा रात्री झोपेविना तळमळत होता.

तर चित्र गेलं तरी बाजा वाजतच राहायचा. बाहेरच्याला वाटावं, आत सगळं ठीक चाललंय.

इन्शिराहनं टीव्ही बंद करून चालू केला. कोपऱ्यात एक निळी चौकट आली, सिग्नल नाही एवढं म्हणाली आणि विझली.  म्हणजे काळी काच खरी होती. आई नसलेलं बघत नव्हती. असलेलं गेलं म्हणून बसली होती.

"यम्मा, हे बिघडलंय," ती आईसमोर येऊन म्हणाली. "तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की," बहिया म्हणाली. "तुझा बाप ऐन बोलण्यात निघून जातो म्हटलं. आणखी काय सांगायचं?"

 मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. कांडीत पहिलं लग्न होतं ते इन्शिराहचंच. ईदला सगळी मंडळी ते बघायला जमली, पोरं पडद्यासमोर नाचत होती, वगीह बटणं दाबून भराभर पुढं नेत होता, आणि त्या गडबडीत बहियाला एक क्षण दिसला. वऱ्हाडाच्या गर्दीत, लाउडस्पीकरच्या मोठ्या कर्ण्याच्या खाली, मेतवल्ली उभा होता. थेट तिच्याकडे बघत ओठांनी काहीतरी बोलत होता. खात्यातल्यासारखं. वगीहनं बटण दाबलं आणि तो पुढं उडाला.  सगळे गेले की निवांत बघू, असं बहियानं ठरवलं. मग रोज संध्याकाळी ती लावायची, आणि रोज मेतवल्लीपाशी पोचायच्या आत नाहीतर पोचता पोचता पडदा काळा व्हायचा.

"मग थेट तिथंच का नाही जायचं? पुढं नेण्याचं बटण आहे ना."

बहियानं तिच्याकडे असं बघितलं, जणू लेकीनं उपाशी पाहुण्याला दारातून परत पाठवलंय. "लग्नात मधूनच शिरायचं? मेंदीला नाही, वरातीला नाही, एकदम जेवणाच्या वेळी? आम्ही तशातले नाही."

*

शाळेत पडद्यावर चित्र आलं नाही की सगळे इन्शिराहलाच हाक मारत, त्यामुळे वायरींशी तिची तोंडओळख होती. तिनं टीव्ही चालू केला, मग रिमोटनं पेटी. चित्र आलं. आई खुर्ची सरसावून बसली. मेंदी लागली, मामांनी टाळ्या वाजवल्या, वरात निघाली आणि लग्नाच्या हॉलमध्ये पोचता पोचता पुन्हा काळोख. 

"इथंच जातो," बहिया म्हणाली. "त्याला यायचंच नसेल."

वायर सैल असेल म्हणून टीव्हीकडचं टोक इन्शिराहनं आणि पेटीकडचं आईनं काढून घट्ट बसवलं. टीव्हीच्या पाठीवरचं भोक बदललं. पुन्हा मेंदी. या वेळी वरात घरातून निघाली आणि चित्र गेलं. ती खाली जाऊन उम्म रिदाकडून तिच्या टीव्हीची वायर मागून आली. उम्म रिदानं ती दिली, पण मालिकेच्या वेळेपर्यंत परत हवी हे तीनदा बजावून. तीही दोघींनी तशीच लावली. वरात निघायच्याही आधी काळोख. रिमोटनं पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन तिनं चित्राचा बारीकपणा कमी केला. दाखवायला थोडं सोपं जाईल, अशी आशा. मामांच्या टाळ्याही संपल्या नाहीत.

आता ती खाली बसली आणि विचार करू लागली. कांडीतलं चित्रच खराब असतं तर दर वेळी एकाच जागी गेलं असतं. वायर खराब असती तर कधीही, कुठंही. हे मात्र दर वेळी आधीपेक्षा लवकर जात होतं, जसं एखादं पोर खेळाच्या पहिल्या फेरीत टिकतं, दुसरीत धापा टाकतं आणि तिसरीत मैदानातच बसतं. अशा पोराचं आपण काय करतो? कपाळाला हात लावून बघतो.

"यम्मा, ती पेटी जरा दाखव."

बहियानं अभिमानानं नीशकडे बोट केलं. नीश म्हणजे बैठकीतलं काचेचं कपाट. लग्नात आलेले सोनेरी काठाचे कप, कधी न वापरलेली सुरई, हजहून आणलेली झमझमच्या पवित्र पाण्याची बाटली, सगळं त्यात राहायचं आणि त्याला फक्त ईदला हात लागायचा. त्या कपांच्या मधोमध, सगळ्यात मानाच्या जागी, वगीहची पेटी बसवलेली होती. काचेचं दार घट्ट लावलेलं. वायरीपुरती बारीक फट. आणि पेटीवर क्रोशाचा रुमाल. दुहेरी, जाड, कडेला फुलं आणि पुढं एक छोटं गोल भोक, रिमोटचा डोळा बाहेर बघावा म्हणून हिशोबानं सोडलेलं.

"हे कधी विणलंस?"

"वगीह होता तेव्हाच विणत होते. तो विमानात बसला आणि मी घातलं. भेटवस्तू अशी उघडी ठेवतात का?"

इन्शिराहनं नीशचं दार उघडलं. रताळी भाजणाऱ्याच्या भट्टीचं झाकण उघडावं तसा वाफारा बाहेर आला आणि गरम सुताचा वास. तिनं रुमालाखाली हात घातला आणि झटकन काढला. पेटी नुकत्याच भट्टीतून काढलेल्या भाकरीसारखी भाजत होती. रुमाल काढला तर खाली आणखी एक थर: कारखान्यातून येतो तो पारदर्शक कागद. पेटीला चारी बाजूंनी अजून चिकटलेला, श्वास घ्यायच्या सगळ्या भोकांसकट. टीव्हीवर तसाच, रिमोटवर तसाच. या घरात वस्तू जुनी झाल्यावरच तिचा कागद निघे, तोही स्वतःहून.

"ताप आलाय हिला," इन्शिराह म्हणाली आणि कागदाला नख लावलं.

बहिया कळवळली. "अगं, नवीन वस्तूचा कागद कोण काढतं? वगीह काय म्हणेल?"

"काही म्हणत नाही तो. हिला गुदमरतंय. तुझ्या प्रेमानं गुदमरतंय."

"आणि नीशच्या बाहेर काढलीस? स्टुलावर? पाहुणे आले तर नागडीच दिसायची का?"

इन्शिराहला हसू आवरेना. तिनं पेटी गॅलरीच्या दाराशी, वाऱ्याच्या तोंडाशी स्टुलावर ठेवली आणि वायर पुरेना म्हणून टीव्हीचं टेबल ओढलं. बहिया तोंड फिरवून उभी होती, कोणीतरी जिवंत कोंबडीची पिसं काढावीत तशी. शेवटी तडजोड म्हणून तिनं रुमाल घेतला, नीट झटकला आणि पेटीच्या वरती न घालता खाली अंथरला. फुलं चारी बाजूंनी बाहेर आली. बाहेरून बघणाऱ्याला पेटी आता गादीवर बसल्यासारखी दिसत होती. बहियानं दोन पावलं मागं जाऊन बघितलं. चालेल, असं तिच्या चेहऱ्यावर उमटलं.

*

पेटी निवेपर्यंत त्यांनी चहा केला, पुदिना घालून, आणि हलव्याचा पुडा उघडला. इन्शिराहचा फोन दोनदा थरथरला. वगीह विचारत होता, काय दिसलं, दलाल थांबलाय. तिनं फोन पालथा ठेवला.

"त्याला सांग, घाई करू नको," बहिया हलवा तोडत म्हणाली. "हे घर विकायला तुझी आई अजून मेलेली नाही."

इन्शिराहचा चहा ओठाशीच थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

"वगीहनंच सांगितलं. माझ्याशी बोलता बोलता त्यानं फोन जरा बाजूला धरला, आवाज बारीक केला आणि बायकोला म्हणाला, आई गेली हातातून, घराचं बघायला हवं." ती मनापासून हसली. "तुम्हा पोरांना वाटतं, आवाज बारीक केला की मला ऐकू येत नाही. अगं, मला तुमचा आवाज कधी होता?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस? पेटी बिघडलीय, एवढंच सांगायचं होतं."

बहियानं कप खाली ठेवला. "ज्याला आई वेडी वाटते त्याला वायर दाखवून काय होणार? तो म्हणाला असता, आई आता वायरीशी बोलते." हलव्याचा चुरा बोटानं गोळा करत ती म्हणाली, "आणि मला आधी तुझ्या बापाचं बोलणं बघायचं होतं. ते झालं की मग जिथं न्याल तिथं येते. त्याच्या आधी नाही."

कशाबद्दलचं बोलणं, ते तिनं मग सांगितलं. लग्नाच्या त्या रात्री, पाहुण्यांची पानं वाढायची वेळ आली आणि वधूचा बाप जागेवर नव्हता. बहियानं एकटीनं सगळं निभावलं. मेतवल्ली बऱ्याच वेळानं परत आला. तिनं विचारलं, कुठं होतास? तो म्हणाला, तुला सांगून गेलो होतो. ती म्हणाली, नाही सांगितलंस. तेव्हापासून हे भांडण त्या घरात होतं. मोठं नाही, मिठाच्या बरणीसारखं, हाताशी ठेवलेलं. सण आला की निघे. तो दवाखान्यात शेवटचा पडून होता तेव्हाही तिनं विचारलं आणि तो म्हणाला, "सांगून गेलो होतो, बहिया." तिनं रागानं चादर नीट केली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

*

पेटी गार झाली. त्यांनी मेंदीपासूनच सुरुवात केली. या वेळी मामांच्या टाळ्या संपल्या, वरात निघाली, हॉलमध्ये पोचली आणि चित्र जसंच्या तसं राहिलं. इन्शिराहनं आवाज बंदच ठेवला होता. उगाच उम्म रिदाचा शाप नको.

आणि मग ती गोष्ट सुरू झाली. आजवर इन्शिराह ती आईची करामत म्हणून हसतच सांगत आली होती. आज तिला हसू आलं नाही. बहिया वाचू लागली. पडद्यावर बायका येत होत्या, जात होत्या, त्यांची तोंडं हलत होती आणि बहिया एकेकीचं बोलणं उचलून इकडं ठेवत होती. कोणीतरी आत्या विचारत होती, पंखा आपल्याकडे का नाही फिरवला. दोन मुली तबल्यावरच्या पोराबद्दल बोलत होत्या आणि जे बोलत होत्या ते बहियानं सांगितलं नाही. इन्शिराहची सासू, जी आता या जगात नव्हती, सोफ्यावर बसून बहिणीच्या कानाला लागली होती.

"काय म्हणते?"

"पोरगी उंच आहे, म्हणते. वरच्या फळीवरचं काढायला बरी."

त्या रात्री तिथं शेकडो माणसं होती. कर्ण्यांनी सगळ्यांचं बोलणं गिळून टाकलं होतं. बाजूला बसलेल्यालाही काही ऐकू आलं नव्हतं. ते सगळं बोलणं वाऱ्यावर गेलं असंच कोणीही म्हणालं असतं. आणि इथं, कप भरलेल्या कपाटाशेजारी, कान नसलेली एक म्हातारी ते एकेक दाणा वेचावं तसं परत गोळा करत होती. इन्शिराह आ वासून कधी पडद्याकडे बघे, कधी आईच्या तोंडाकडे. पडद्यावरच्या नवरीनं वाकून नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. बहियानं तिच्याकडे मिश्कील बघितलं.

"तुझं सांगू?"

"नको."

"बूट चावतोय, म्हणतेस."

मग कॅमेरा फिरला आणि कर्ण्याखाली मेतवल्ली आला. तपकिरी कोट, हातात तसबीची जपमाळ, केस पाण्यानं चापून बसवलेले. कॅमेरा बहुधा बायकांच्या, म्हणजे बहियाच्याच मागं उभा होता, कारण मेतवल्ली थेट इकडं बघत होता. त्यानं ओठ मोठे केले, सावकाश. इतरांची तोंडं नुसती हलत होती. याचं बोलणं मात्र कोरून काढल्यासारखं होतं. एवढं तर इन्शिराहलाही दिसलं. त्यानं बोलता बोलता हात कपाळाला लावला. मध्येच सरबताचा ट्रे घेऊन एक पोरगी आडवी गेली. ट्रे बाजूला झाला तेव्हा कर्ण्याखाली कोणी नव्हतं.

बहियाचे ओठ त्याच्याबरोबर हलले होते.  मग ती म्हणाली, "मागं ने."

लग्नात मधून न शिरणाऱ्या बाईनं तीनदा मागं न्यायला लावलं. तिन्ही वेळा पेटी न कुरकुरता थांबली आणि दाखवत राहिली. मग बहियानं सांगितलं.

"म्हणतो, माझ्या मागांवर लक्ष ठेव. जरा बाहेर जाऊन रडून येतो."

खात्यातून थोडा वेळ बाहेर जायचं असलं की विणकर शेजारच्याला हेच सांगत. माझ्या मागांवर लक्ष ठेव. कपाळाला हात म्हणजे लवकरच येतो. तेवढं सांगितलं की जबाबदारी तुमची. त्याच्या मुलीची पाठवणी होती आणि त्याला रडायचं होतं, आणि त्यानं रीतसर, खात्याच्या शिस्तीनं, कळवून परवानगी घेतली होती. फक्त तो बोलत असताना बहियाच्या डोळ्यांसमोर सरबताचा ट्रे आला.

"सांगून गेला होता गं," बहिया म्हणाली. "खोटारडा खोटारडा म्हणून जन्मभर बोलले मी. मेल्यानं खरंच सांगितलं होतं."

ती रडली नाही. चित्र मेतवल्लीवर थांबवलेलं होतं. तिनं ओढणीच्या टोकानं टीव्हीची काच एकदा पुसली, जरा मागं होऊन उभी राहिली आणि ओठ मोठे करून, आवाज न काढता, त्याला सावकाश काहीतरी सांगितलं. बरंच काही. इन्शिराह अगदी बाजूला होती. तिला त्यातला एक शब्दही वाचता आला नाही. तिनं विचारलंही नाही.

फोन पुन्हा थरथरला. वगीहचाच आणखी एक निरोप. सकाळी मिनीबसमध्ये तिनं ठरवलं होतं की फोन खाली जिन्यात जाऊन करायचा, आईच्या पाठीमागं. पाठ करून बोलायची लहानपणची सवय. आता तिनं खुर्ची ओढली आणि आईच्या खुर्चीला लावून बसली. वगीहला घर विकायचं नाही असं सांगायचं, आई ठीक आहे असं सांगायचं, पेटीचा कागद काढल्याचंही सांगायचं. आणि त्याचं म्हणणं काय ते त्यानं आईला तोंडावर सांगायचं, फोन बाजूला न धरता. तिनं फोन उचलला आणि वगीहचा चेहरा आईला समोरून दिसेल असा धरून त्याचा नंबर लावायला घेतला.